कार्डाची मागची बाजू

लग्न मोडल्यावर तू पुण्याला परत का आली नाहीस, असं सुरुवातीला मला बरेच जण विचारायचे. नोकरी इथे आहे, असं मी सांगायचे आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं कारण असं की, पुण्यात माझ्याकडे बघून प्रत्येकाला काहीतरी आठवलं असतं. हैदराबादेत कुणालाच काही आठवत नव्हतं. नवरा परदेशी गेला, वर्षभरात त्याचे आई-वडीलही त्याच्याकडे गेले. मी नल्लकुंट्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्याला आता चौदा वर्षं झाली. खालच्या घरमालकीणबाई तेलुगू बोलतात, मी मोडकंतोडकं तेलुगू बोलते. पाणी आलं, पाणी गेलं, जिन्याचा दिवा गेला, एवढ्यावर आमचं चांगलं चालतं.

माझं काम किल्ल्या सांभाळायचं आहे. खऱ्या नव्हेत. कंपन्या आपली माहिती दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवतात, हल्ली तर ती एआयच्या हातात देतात. ती माहिती कुणालाही वाचता येऊ नये म्हणून तिचं न कळणाऱ्या अक्षरांत रूपांतर करून ठेवायचं, आणि ती पुन्हा वाचता यावी म्हणून एक किल्ली लागते. ती किल्ली कुणाकडे असावी, कुणी कधी वापरली, कधी बदलायची, हे बघणारी जी माणसं असतात, त्यांतली मी एक. दिवसभर मी लोकांच्या अशा कपाटांना कुलपं लावते, ज्यांच्या आत काय आहे हे मला कधीच माहीत नसतं. कामाचे पाच दिवस बरे जातात. शनिवारी कपडे, बाजार, झाडलोट. रविवार मात्र संपता संपत नाही. सकाळी भावाचा पुण्याहून फोन येतो, दहा मिनिटांत आमचं बोलून होतं, आणि नंतर अख्खा दिवस समोर उभा असतो.

अशाच एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ओळखलंस काय?" पलीकडून एक करकरीत बायकी आवाज म्हणाला. मी ओळखलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हिमायतनगरमधलं वधूवर मंडळ चालवणाऱ्या बाई. माझं लग्न त्यांनीच जमवलं होतं. तेव्हा माझी एक मावशी हैदराबादेत राहायची, तिने माझं नाव त्यांच्याकडे घातलं होतं.

"तुझ्या मावशीकडून नंबर घेतला. तुला कुलपाचं कळतं म्हणे," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरच्या. मला एक काम आहे. येशील काय?"

लग्न मोडलं तेव्हा या बाईंचा एक फोनसुद्धा आला नव्हता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण दुपारचे बारा वाजले होते आणि संध्याकाळपर्यंत मला करायला काहीही नव्हतं. मी गेले.

बाई पंच्याहत्तरीच्या आसपास. जन्म इथलाच, वडील मराठवाड्यातून निजामाच्या काळात नोकरीसाठी आलेले. सरकारी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या. त्यांच्या मराठीत दखनी उर्दूतले 'हौ' आणि 'नक्को' इतक्या सहज येतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, त्या चेष्टा करतायत. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळलीस." मग चहा ठेवला. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही.

काम असं होतं. चाळीस वर्षं बाईंनी प्रत्येक स्थळाचं एक जाड कार्ड केलं होतं. पुढच्या बाजूला सगळ्यांना दाखवायची माहिती शाईने लिहिलेली: उंची, शिक्षण, पगार, गोत्र. मागच्या बाजूला पेन्सिलने बाईंची स्वतःची टिपणं. मुलाला फिट्स येतात, पण आई कबूल करत नाही. मुलीचं एकदा ठरून मोडलंय. बाप पितो. मोठ्या बहिणीने आंतरजातीय केलंय, घरात तिचं नाव घेत नाहीत. लोक बाईंना सांगायचे, कारण बाई ते कुणाला सांगायच्या नाहीत. स्थळं जुळवताना मनातल्या मनात वापरायच्या, एवढंच.

आदल्या वर्षी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि कपाटात पाणी शिरलं. बंगळूरचा भाचा धावत आला. त्याने सगळी कार्डं दोन्ही बाजूंनी स्कॅन केली आणि एका एआयच्या साधनात घातली. आता बाईंनी नुसतं बोलायचं, "पुण्याचा मुलगा, तिशीचा, मुलगी नोकरी करणारी चालेल असा," की ते कार्डं शोधून द्यायचं, वर पत्रही लिहून द्यायचं. बाईंची नजर अधू होत चालली होती, त्यामुळे त्यांना ते सोयीचंच झालं. स्कॅन झाल्यावर कागदाची सगळीच कार्डं त्यांनी रद्दीत दिली नाहीत. न्हाणीघरात टबात भिजत घातली, पार लगदा होईपर्यंत हाताने कुस्करली आणि मग टाकली. आठ दिवस त्यांच्या बोटांना शाईचा वास येत होता म्हणे.

"आणि परवा एका मुलीच्या वडिलांनी विचारलं," बाई म्हणाल्या. "की बाई, हे आमचं सगळं त्या मशीनमध्ये गेलं, ते तिथं कोण वाचतं? मला उत्तर देता आलं नै. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

मी साधनाचे कागद वाचले. कंपनी मोठी होती, कुलूपही चांगलं लावत होती. फक्त किल्ली तिच्याकडेच होती.

"म्हणजे माझ्या घराला कुलूप त्यांचं, आणि चावी बी त्यांचीच?"

"हो. पण किल्ली आपल्याकडे ठेवायची सोय आहे. मग प्रत्येक वेळी एखादं कार्ड उघडायचं झालं की त्यांना आपल्या किल्लीची परवानगी मागावी लागते. मागितल्याची नोंद होते. आणि ज्या दिवशी आपण किल्ली काढून घेऊ, त्या दिवशी त्यांच्याकडे उरतो तो नुसता अक्षरांचा कचरा."

बाई हाताची घडी घालून बसल्या. शिक्षिका असताना त्या वर्गात अशाच बसत असतील. मग म्हणाल्या, "पण मशीन वाचतंय तेव्हा तर ते उघडंच असणार. न उघडता कसं वाचेल?"

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा प्रश्न सुचायला कधी कधी तीन बैठका लागतात. मी म्हणाले, "हो. तेवढ्या क्षणापुरतं उघडं असतं. तेवढा विश्वास ठेवावा लागतो. बाकीचा सगळा वेळ बंद."

"हे खरं बोललीस," बाई म्हणाल्या. "सगळंच सुरक्षित आहे म्हणाली असतीस तर तुला चहा पाजून परत पाठवलं असतं."

मग त्यांनी विचारलं की त्या मेल्या किंवा विसरल्या तर काय. मी सांगितलं, किल्लीवर दुसऱ्या एका माणसाचाही हक्क ठेवतात. महत्त्वाची गोष्ट करायची तर दोघांची संमती लागते. भाच्याला ठेवा. बाईंनी नकाराची मान हलवली. भाचा चांगला आहे, पण त्याला सगळ्यांना मदत करायची हौस आहे, असं त्या म्हणाल्या. "तू हो."

"बाई, माझं स्वतःचं कार्ड आहे त्यात."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "ते उघडं पडलं तर दुखेल कुणाला?"

त्यानंतरचे पाच-सहा रविवार मी हिमायतनगरला जात राहिले. पटापट केलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं. मी ते लांबवलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. बाई ज्वारीची भाकरी आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, आंबट डाळ करायच्या, मी लॅपटॉप उघडून बसायचे, आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडून प्रश्न विचारायच्या. पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या वस्तू मी आणल्या होत्या. त्या लावल्याशिवाय किल्लीच्या कामाला हात घालता येत नाही. एक बाईंची, एक माझी. बाईंनी आपली शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. एक गोष्ट मी मुद्दाम केली: कुठलंही कार्ड कुणीही उघडलं की त्याची वेळ, उघडणाऱ्याचं खातं आणि कार्डाचा नंबर यांची नोंद व्हावी, आणि ती नोंद कुणालाही पुसता येऊ नये. मलाही नाही. कामाच्या सवयीने केलं. त्याचा पुढे माझ्याशीच संबंध येईल असं काही डोक्यात नव्हतं.

सगळी कार्डं नव्या किल्लीखाली गेली त्या रविवारी बाई भाजी आणायला खाली गेल्या. "मी पाच कार्डं उघडून तपासते," असं मी त्यांना सांगितलं होतं. नीट वाचता येतायत की नाही, हे बघायला तेवढी पुरतात. मी कुठलीही पाच उघडली. नीट होती. लॅपटॉप बंद करायचा, तर माझा हात थांबला.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. आम्ही दोन-अडीच वर्षं एका घरात अशा सभ्यपणे राहिलो, जसे लांबच्या प्रवासात समोरासमोर बसलेले दोन अनोळखी लोक राहतात. मग एका सकाळी, डबा भरताना, त्याने मला सांगितलं की त्याला लग्न करायचंच नव्हतं. तसं त्याने घरी सांगितलंही होतं. "तेव्हा सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. सगळ्यांना, या शब्दावर मी चौदा वर्षं अडकून होते. सगळ्यांत बाई होत्या का? माहीत असून त्यांनी मला त्या घरात पाठवलं का?

मी त्याचं नाव टाइप केलं. कार्ड लगेच आलं. पुढची बाजू. त्याची उंची, त्याची नोकरी, कोपऱ्यात त्याचा तो कोट घातलेला फोटो. एक बटण दाबलं की मागची बाजू आली असती. माझं बोट तिथे होतं. जिन्यात बाईंची चप्पल वाजली आणि मी कार्ड बंद केलं. चप्पल वाजली नसती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता तो.

बाई आठवड्याच्या नोंदींचा कागद छापून घ्यायच्या. भिंग आणि फूटपट्टी घेऊन एकेक ओळ वाचायच्या, जशा एके काळी पेपर तपासत असतील. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा कागद टेबलावर होता.

"पाच तपासणार होतीस," बाई म्हणाल्या. "ही सहा आहेत."

मी कागदावरची शेवटची ओळ बघत राहिले.

"सहावा नंबर कुणाचा, ते मला बघावं लागत नै. मागची वाचलीस?"

"नाही. पुढचीच."

"का?"

"तुम्ही आलात."

बाईंनी फूटपट्टी खाली ठेवली. त्या रागावतील, निदान किल्ली परत मागतील, असं मला वाटलं. त्या उठल्या आणि गॅस बंद करून आल्या. मग समोर बसून म्हणाल्या, "त्याची मागची बाजू तुला मिळणार नै. त्यानं मला सांगितलं असेल-नसेल, ते त्याचं आहे. तुझी तुला मिळेल. तुझी माग. आत्ता."

मी माझं कार्ड उघडलं. सत्तावीस वर्षांची मी, कुंकवाच्या रंगाच्या साडीत, फोटोग्राफरने सांगितलं म्हणून मान थोडी वाकडी केलेली. मग मागची बाजू. बाईंचं पेन्सिलचं अक्षर, स्कॅनमध्ये फिकट झालेलं.

"मुलगी हुशार. अबोल. मुलीला विचारलं की आई उत्तर देते." त्याखाली रेघ. "मुलाबद्दल मुलीशी एकटीशी बोलायचंय. पुण्याला फोन केला. मुलगी म्हणाली, आईशी बोला. पुन्हा केला. तेच. आई म्हणते, जे काय असेल ते लग्नानंतर रुळतं."

मी ते तीनदा वाचलं. मला तो फोन आठवला. दोन्ही आठवले. एकदा मी ऑफिसातून नुकतीच आले होते, पायांतून सँडल काढत होते, आणि फोन कानाला लावून म्हणाले होते, "आईशी बोला ना." आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. ती काय बोलली ते मी ऐकलंसुद्धा नाही. दार लोटून कपडे बदलत होते. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिला विचारायची सोय उरली नव्हती.

"मग लग्न का लावलंत?" मी विचारलं. "तुम्ही थांबवू शकला असता."

"हौ," बाई म्हणाल्या. "शकले असते. मला वाटलं, होईल ठीक. पुष्कळांचं होतं. तुझं मोडलं हे कळलं तेव्हा फोन हातात घेतला होता मी. पण काय बोलणार? सॉरी म्हणू? ते तुझ्या काय कामाचं?"

त्यांनी माफी मागितली नाही आणि मी माफ केलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पानं घेतली. आम्ही जेवलो. त्या दिवशी डाळीत मीठ जास्त झालं होतं, आणि दोघींनीही ते बोलून दाखवलं नाही. घरी येताना मी बस सोडून नल्लकुंट्यापर्यंत चालत आले.

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. त्यानंतरचं वर्षभर जवळजवळ प्रत्येक रविवारी गेले. बाईंना आता कागदावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून नोंदी मी वाचून दाखवायचे. पुण्याहून कुणी नाव घातलं, औरंगाबादचा मुलगा कुणाला पसंत पडला, हे ऐकताना मला वाटायचं की जगात लोक अजून एकमेकांना भेटतायत. बाईंना माझ्याबद्दल काही विचारायची सवय नव्हती आणि मला सांगायची. तरी सोमवारी ऑफिसात जाताना मी कालचं काहीतरी आठवत जायचे. आधी तसं आठवायला काही नसायचं.

मग बाईंच्या डोळ्यांनी पार दगा दिला. भाचा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. बाई महिनाभर भांडल्या आणि मग एकदम कबूल झाल्या. मंडळ बंद करायचं ठरलं. त्याच सुमारास लग्नं जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटचे दोन लोक घरी आले. बाईंनी जमवलेली सगळी माहिती त्यांना हवी होती. भाच्याला ते चांगलं वाटलं. मावशीचं काम पुढे चालू राहील, असं तो मनापासून म्हणाला.

"काम नै चालू राहणार," बाई म्हणाल्या. "कार्डं चालू राहतील. लोकांनी मला सांगितलं होतं. ह्यांना नै."

ते दोघे गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "चावी कायमची मोडता येते काय?"

येते. पण एकदम नाही. किल्ली नष्ट करायला सांगितलं की तीस दिवसांची मुदत पडते. कुणी चुकून सांगितलं असेल, कुणाचा विचार बदलेल, म्हणून. त्या तीस दिवसांत कार्डं बंद राहतात, पण आम्हा दोघींपैकी कुणीही एकीने हुकूम मागे घेतला तर सगळं पुन्हा जसंच्या तसं. मुदत संपली की मात्र जगात कुणालाच काही करता येत नाही. ते साधन चालवणारी कंपनीसुद्धा ती कार्डं वाचू शकत नाही. मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी चाचपडत ड्रॉवरमधून आपली ती छोटी वस्तू काढली आणि माझ्या हातात न देता स्वतःच लॅपटॉपला लावायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेला लागली. मग मी माझी लावली.

दोन दिवसांनी काचिगुड्याला मी त्यांना गाडीत बसवलं. भाचा सामान लावत होता. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मी फलाटावर. "जेवत जा," असं त्या म्हणाल्या. मी हौ म्हणाले. गाडी हलली तेव्हा त्या दुसऱ्याच दिशेला बघून हात हलवत होत्या. मी कुठे उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस त्या कार्डांची मी एकटीच राखणदार होते. बाईंना स्क्रीन दिसत नव्हता. मी हुकूम मागे घेतला असता, दोन मिनिटं नवऱ्याचं कार्ड पाहिलं असतं आणि पुन्हा मुदत लावली असती, तर नोंद झाली असती, पण ती वाचणारं कुणी राहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी त्याचा विचार रोज केला. ऑफिसच्या बसमध्ये, भांडी घासताना. त्याच्या मागच्या बाजूला काय असणार, ते मला आता जवळपास कळलेलंच होतं. तरी बाईंच्या अक्षरात ते बघावं असं वाटायचं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या आयुष्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय, हीच त्यातली ओढ असावी.

एका संध्याकाळी एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. सिकंदराबादहून बोलत होते, रेल्वेतून निवृत्त. बाईंनी निघताना काही लोकांना माझा नंबर दिला होता, त्यांतले हे.

"ताई, आमच्या मुलीचं नाव होतं बाईंकडे. बारा वर्षं झाली. बाई काही बोलल्या का?"

मी सांगितलं की मंडळ बंद झालं, बाई बंगळूरला गेल्या.

"हो हो, ते कळलं. मी आपलं विचारतो. मुलगी आता चाळिशीला आली, तिला तर हा विषय काढलेला चालत नाही." मग जरा थांबून, "आणि आमचं कार्ड?"

"काळजी करू नका काका. ते कुणालाही वाचता येणार नाही. थोड्या दिवसांनी तर अजिबातच नाही."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे, चांगलंच आहे ते. पण ताई, बाईंना आमच्या घरातलं सगळं माहीत होतं. मी एकदाच बोललो होतो, त्यांच्याजवळच. कुणालातरी माहीत आहे, एवढं वाटायचं."

इतकी वर्षं मी लोकांना पटवत आले की तुमची माहिती कुणीही वाचणार नाही, आणि लोक दर वेळी खूश होऊन मान डोलवत आले. हे पहिलेच, ज्यांना ते ऐकून थोडं एकटं वाटलं. फोन ठेवताना ते म्हणाले, कधी सिकंदराबादला आलात तर चहाला या.

किल्ली मोडली तो दिवस मंगळवार होता. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. फोनवर एका ओळीचा संदेश आला: आपण सांगितल्याप्रमाणे किल्ली नष्ट करण्यात आली आहे. मी फोन पालथा ठेवला. कुणीतरी माझं मत विचारलं आणि मी ते दिलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोन करून सांगितलं.

"हौ काय?" बाई म्हणाल्या. "बरं." मग भाच्याच्या घरी डाळीत गूळ घालतात, ह्याची त्यांनी बरीच तक्रार केली. आमचं बोलणं आता तसंच असतं. भावासारखंच, दहा मिनिटांचं.

पुढच्या रविवारी मी सिकंदराबादला गेले. आधी फोन करून विचारलं होतं. रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीतलं घर. दार मुलीनेच उघडलं. शाळेत विज्ञान शिकवते, केस अर्धे पांढरे, आणि मी कोण हे वडिलांनी तिला नीट सांगितलेलं नसावं, कारण ती जरा सावधच होती. काका चहा करायला आत गेले; चहा ते स्वतःच करतात म्हणे, कुणाला करू देत नाहीत.

"तुम्ही बाईंकडे कामाला होता?" तिने विचारलं.

"कुलपाचं काम बघायचे."

"मग आमच्या कार्डावर मागे काय लिहिलं होतं, माहीत असेल तुम्हाला."

"नाही," मी म्हणाले. "मी वाचलं नाही. आता कुणालाच वाचता येणार नाही."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. खरं बोलतेय की नाही ते बघत असावी. मग आत वडील भांडी वाजवत होते तिकडे एकदा नजर टाकली, आणि हळू आवाजात तिने मला ते सांगायला सुरुवात केली. ती काय म्हणाली, ते मी इथे लिहिणार नाही. काका चहा घेऊन आले तेव्हा ती थांबली, आणि आम्ही तिघांनी उन्हाळ्याबद्दल बोलत चहा घेतला.

निघताना तिने माझा नंबर घेतला. त्यानंतर तिचे दोन फोन आले. पहिला मी उचलला नाही. रविवार होता, मी घरीच होते, तरी उचलला नाही. दुसरा उचलला. फार बोललो नाही आम्ही. तिने विचारलं, तुम्ही हैदराबादेत कशा काय आलात, आणि मी नोकरीमुळे असं म्हणणार होते. तसं न म्हणता, "लग्न होऊन आले," असं म्हणाले, आणि पुढे काय सांगायचं ते शोधत राहिले. ती पलीकडे थांबून होती.